मदतनीस हंगामी असावा, पण परका नसावा



आपल्या या पत्रकात उसाच्या जाती, खताचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम आणि पंधरवड्याचे बिल यांविषयी लिहून येते आणि ते तसेच यायला हवे. आज मात्र मी थोडा वेगळा विषय घेऊन आपल्यापुढे येत आहे. विषय आहे गावात येणाऱ्या पार्सलाचा. "कारखान्याच्या पत्रकात पार्सल कशाला?" असे कोणीतरी म्हणणारच. पण ही कहाणी उसाच्या सरीपासूनच सुरू होते, म्हणून शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. पूर्वहंगामी लागण केली होती. आंबवणी द्यायची वेळ आली आणि नेमका पंपाचा सील गेला. सेलूच्या मोंढ्यात दोन-तीन दुकानी विचारले, त्या मापाचा सील कोणाकडे नव्हता. पोराने मोबाईलवरून मागवला. तिसऱ्या दिवशी माल सेलूत आल्याचा निरोप मोबाईलवर आला. चौथ्या दिवशी दुसरा निरोप आला, की गिऱ्हाईक घरी नाही. आता बोला! मी दिवसभर ओसरीवर बसून त्याच पार्सलाची वाट बघत होतो. पाचव्या दिवशी पुन्हा तोच निरोप. शेवटी सातव्या दिवशी मोटारसायकल काढली आणि स्वतःच सेलू गाठले.

एका गाळ्यात कमरेइतका खोक्यांचा ढीग आणि त्यात वीस-बावीस वर्षांचे एक पोरगे घामाघूम होऊन बसलेले. मी तावातावाने विचारले, "का रे बाबा, मी घरी नव्हतो हे तुला कोणी सांगितलं?" ते पोरगे उठून उभे राहिले आणि म्हणते कसे, "काका, खोटं बोलत नाही. तुमच्या गावाकडे आलोच नाही. एरवी रोज चाळीस पार्सलं असतात, आता शंभराच्या वर आहेत. गाडी एक, मी एक. पार्सल पोचलं तर पैसे. तुम्ही नाही सापडलात तर पेट्रोल माझ्या पदरचं. मग जवळचं आधी उरकतो, लांबचं राहून जातं."

माझा राग तिथेच उतरला. सील घेऊन घरी आलो, पंप चालू केला, पण तोवर सरीतली ओल गेली होती. उगवण विरळ झाली. नंतर नांग्या भरल्या, पण नांगीचा ऊस मूळच्या उसाची बरोबरी करत नाही हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सील होता काही शेकड्यांचा, नुकसान झाले कितीतरी पट. तेव्हापासून हा विषय डोक्यात घर करून आहे.

पूर्वी आपल्याकडे पार्सल म्हणजे क्वचित येणारी वस्तू होती. टपालाने व्ही.पी. यायची, रेल्वेची बिल्टी सोडवायला स्टेशनवर जावे लागायचे. आज तसे राहिलेले नाही. ठिबकचा व्हॉल्व्ह, फवारणी पंपाचे नोझल, म्हाताऱ्या माणसाचे औषध, लेकीच्या परीक्षेची पुस्तके असे सगळे पार्सलाने येते. वालूर असो, कुपटा असो, मोरेगाव असो की देऊळगाव गात, या गोष्टी मागवत नाही असे गाव तालुक्यात शोधून सापडणार नाही. म्हणून पार्सल वेळेवर पोचणे ही शहरी हौस राहिलेली नाही, ती शेतीची गरज झाली आहे.

वेळ कुठे जातो?

कामाचा वेळ कुठे जातो हे शोधल्याशिवाय उपाय सापडत नाही. आपल्याला हे उसाच्या वाहतुकीवरून चांगले समजते. ट्रक रस्त्यावर कमी वेळ असतो. फडात भरण्यात आणि यार्डात नंबर लागण्यात खरा वेळ जातो. पार्सलाचेही तसेच आहे.

साधा हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत, कोणी घड्याळ लावून पाहिले तर थोडे इकडेतिकडे होतील. समजा सेलू शहरात एका टेम्पोला ८० पार्सले वाटायची आहेत. ड्रायव्हर एकटा आहे. गाडी उभी करायची, मागे जाऊन खोके शोधायचे, घर विचारायचे, फोन लावायचा, पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे, सही घ्यायची, परत गाडीत बसायचे. एका ठिकाणी ४ मिनिटे धरली तरी ३२० मिनिटे, म्हणजे ५ तास २० मिनिटे नुसत्या थांबण्यात गेली. आता सोबत एक मदतनीस दिला. ड्रायव्हर पुढच्या घराकडे गाडी लावतो तोवर मदतनीस पुढचे खोके हातात घेऊन तयार. थांबा अडीच मिनिटांवर आला, तर २०० मिनिटे झाली. रोजचे दोन तास वाचले. ट्रकवर क्लीनर कशासाठी असतो हे ज्याला समजते त्याला हे वेगळे सांगायला नको.

पण खेड्यांचा हिशोब निराळा आहे, आणि नेमकी इथेच गफलत होते. समजा ८ गावांत मिळून ४८ पार्सले आहेत, म्हणजे गावाला ६. गाडीवर मदतनीस बसवला तरी दोन गावांमधल्या रस्त्यात तो नुसता बसून राहणार. त्याचा उपयोग थोडा, रोज मात्र पूर्ण. शिवाय तो सेलूचा. आपल्या गावात एकाच आडनावाची चाळीस घरे, त्यात एकाच नावाची तीन माणसे. कोण वाड्यात राहतो, कोण आखाड्यावर राहायला गेला, हे त्याला कसे कळावे? एका गावात अर्धा तास धरला तर ८ गावांत ४ तास गेले. त्याऐवजी प्रत्येक गावात एक ठरलेला माणूस असेल, गाडी चावडीपाशी थांबेल, गाठोडे आणि यादी त्याच्या हाती देऊन ५ मिनिटांत पुढे जाईल, तर ८ गावांची ४० मिनिटे झाली. म्हणजे ३ तास २० मिनिटे वाचली.

दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. गाडी येते भर दुपारी आणि आपण असतो वावरात. घराला कुलूप किंवा घरी लहान लेकरू. पार्सल परत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी होते आणि खर्च दुप्पट. गावातला मदतनीस मात्र दिवेलागणीला घरोघर जाऊ शकतो. त्याला घर विचारावे लागत नाही, की फोन लावावा लागत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की शहरात मदतनीस गाडीवर हवा आणि खेड्यात तो गावात हवा. एकच पद्धत दोन्हीकडे लावली तर पैसे जातील आणि काम जागेवरच राहील.

हे नवीन नाही

हंगामापुरता मदतनीस घेण्याची रीत जगात जुनी आहे. अमेरिकेत यूपीएस नावाची पार्सल वाटणारी मोठी कंपनी आहे, १९०७ साली स्थापन झालेली. नाताळाच्या आधी तिच्याकडे पार्सलांचा असा पूर येतो की कायम माणसे पुरी पडत नाहीत. मग ती ड्रायव्हरच्या सोबतीला हंगामी मदतनीस घेते. मदतनीसाला स्वतःची गाडी लागत नाही. घराजवळच्या ठरलेल्या जागी तो उभा राहतो, गाडी येते, त्याला घेते, आणि तो दारोदार पार्सल पोचवतो. २०२३ च्या हंगामासाठी त्या कंपनीने एक लाखाहून अधिक हंगामी माणसे घेण्याचे जाहीर केले होते. इंग्लंडचे टपाल खातेही नाताळापुरती हजारो माणसे घेत आले आहे.

पण इतके लांब कशाला जायचे? आपल्या देशी टपाल खात्याने गावातल्या माणसाच्या बळावरच खेडी जोडली. निजामाच्या राज्याचे टपाल वेगळे होते, ते १९५० मध्ये भारतीय टपालात विलीन झाले. स्वातंत्र्याच्या वेळी, १९४७ साली, देशात २३,३४४ टपाल कार्यालये होती. आज दीड लाखाहून अधिक आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत आहेत. एवढ्या ठिकाणी पूर्णवेळ पगारी नोकर ठेवणे सरकारलाही परवडले नसते. म्हणून खात्याने गावातलाच माणूस धरला. कुठे शाळामास्तर, कुठे दुकानदार, कुठे शेतकरी. दिवसातले थोडे तास टपालाचे काम, बाकी वेळ आपला धंदा. त्याला खातेबाह्य कर्मचारी म्हणत. २००१ च्या नियमांपासून त्याला ग्रामीण डाक सेवक म्हणतात.

या व्यवस्थेने गावाचे भले केले यात शंका नाही. मनीऑर्डर असो, नोकरीचा कागद असो, या माणसाने तो उन्हापावसात पोचवला. पण त्याचे स्वतःचे काय झाले हेही पाहिले पाहिजे. तो खात्याचा आहे की खात्याबाहेरचा, याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७७ साली न्यायालयाने सांगितले की या माणसाचे पद सरकारी सेवेतलेच पद आहे. तरीही नियमित नोकरासारखे निवृत्तिवेतन त्याला अद्याप नाही. २०१८ साली सरकारने मोबदला वाढवला, तेव्हा ४ तास काम करणाऱ्या डाक सेवकाचा मूळ भत्ता १०,००० रुपयांपासून सुरू झाला. त्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्याला भत्ता कामाच्या तासांवर मिळतो. आज गावात किती पत्रे आली यावर त्याची चूल अवलंबून नसते.

सेलूतल्या त्या पोराची गोष्ट आठवा. पार्सलामागे पैसे, न पोचले तर पेट्रोल पदरचे. अशा माणसाकडून लांबच्या गावाला न्याय कसा मिळणार? मजुरीच अशी बांधली आहे की त्याने जवळचे उरकावे आणि लांबचे टाळावे. दोष पोराचा नाही, दोष बांधणीचा आहे.

आपल्याच घरात दोन नमुने

हंगामी माणसाला कसे वागवावे याचे दोन नमुने आपल्या साखर धंद्यातच आहेत. एक अभिमानाने सांगावा असा, दुसरा मान खाली घालून.

पहिला नमुना कारखान्यातल्या हंगामी कामगाराचा. बॉयलर पेटला की तो कामावर येतो, पट्टा पडला की घरी जातो. पण पुढच्या हंगामात त्यालाच बोलावणे जाते. बिगरहंगामात त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो, म्हणजे कारखाना त्याला सांगतो की बाबा, तू काही महिने घरी असलास तरी आमचाच आहेस. आपण त्याला हंगामी कायम म्हणतो. दोन शब्द परस्परविरोधी वाटतात, पण त्यात केवढे शहाणपण आहे! दरवर्षी तोच माणूस आल्यामुळे त्याला यंत्राची नस ठाऊक असते. नवा माणूस शिकेपर्यंत हंगाम निम्मा सरला असता. फडात स्लिप लिहिणारा चिटबॉयही तसाच. कोणाचा गट, कोणता गाडीवान, कोणता फड, हे त्याच्या तोंडपाठ असते, म्हणून गाडी खोळंबत नाही.

दुसरा नमुना तोडणी कामगाराचा. त्याच हंगामात, त्याच कारखान्यासाठी, त्याच उसावर तो राबतो. बीड, जालना आणि आपल्या परभणीतलीही माणसे नवरा-बायको मिळून कोयता घेऊन निघतात. मुकादमाकडून उचल घेतात, कोपीत राहतात आणि हंगामभर ती उचल फेडत असतात. तो कारखान्याचा म्हणावा तर हजेरीपटावर त्याचे नाव नाही. मुकादमाचा म्हणावा तर मुकादम म्हणतो मी नुसता मध्यस्थ. कोणी आजारी पडले, बाळंतपण आले, गाडीखाली हात सापडला, तर उत्तर कोणाकडे मागायचे? त्यांच्यासाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आहे आणि कारखान्यांनी टनामागे १० रुपये देण्याचे ठरले. पण हे ठरायला किती हंगाम जावे लागले याचा आपण विचार केला पाहिजे. ऊस वेळेवर तुटला पाहिजे म्हणून आपण सभेत आवाज चढवतो, तोडणाऱ्याच्या कोपीत पाणी आहे का हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते, हे कबूल करतो.

पार्सलाचा मदतनीस यापैकी कोणत्या नमुन्यावर घडणार, हा खरा प्रश्न आहे. आज तो दुसऱ्या नमुन्याकडे चालला आहे. कंपनी म्हणते आम्ही फक्त व्यवस्था करतो. ठेकेदार म्हणतो मी फक्त गाडी लावतो. पोरगे पावसात मोटारसायकलसकट घसरले तर दवाखान्याचे बिल त्याच्या बापाच्या उसाच्या बिलातून जाते. आणि हा बाप म्हणजे कोण? आपल्यातलाच सभासद. दोन एकरांत चार माणसांचे भागत नाही म्हणून ज्याची पोरे सेलूत, परभणीत, नाहीतर पुण्यात जाऊन पार्सले वाटतात, तो सभासद. पार्सल घेणारा आपण आणि देणारे आपलेच लेकरू. तेव्हा "मला माझे पार्सल मिळाले, बाकी मला काय करायचे" असे म्हणून चालणार नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्राने एके काळी देशाला वाट दाखवली आहे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत माथ्यावर ओझी वाहणाऱ्यांचा मालक रोज वेगळा असे, म्हणून त्यांची जबाबदारी कोणीच घेत नसे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ती साधी होती. मजूर मंडळाकडे नोंदवायचा, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने मजुराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी व इतर लाभ द्यायचे. मालक रोज बदलला तरी मजुराचे खाते एकच राहिले. अलीकडे, २०२३ साली, राजस्थानने मोबाईलवरून काम मिळणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला. त्यातही व्यवहारामागे रक्कम घेऊन कल्याण निधी उभारण्याची कल्पना आहे. धागा तोच, आपल्या माथाडी कायद्याचा. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा कामगारांची दखल घेतली आहे. म्हणजे वाट आहे. तिच्यावर चालायचे की नाही एवढेच ठरायचे आहे.

शंका आणि उत्तरे

हा विषय मी पारावर काढला तेव्हा तीन-चार शंका निघाल्या. त्यांचा परामर्श घेतो.

पहिली शंका, खर्च वाढेल. मदतनीसाचा खर्च दिसतो, कारण तो रोख जातो. वाया गेलेली फेरी, परत गेलेले पार्सल, दुसऱ्यांदा जळालेले पेट्रोल हा खर्च दिसत नाही, पण तो होतच असतो आणि शेवटी तुमच्या-माझ्याकडूनच वसूल होतो. हिशोब दोन्ही बाजूंचा मांडावा.

दुसरी शंका, पोरे टिकत नाहीत. खरे आहे. पण पुढच्या वर्षी बोलावणे येईल याची खात्री नसेल तर कोण टिकेल? सालगडीसुद्धा पाडव्याला मालक बदलतो, तो उगीच नाही. जिथे शब्द पाळला जातो तिथे माणूस टिकतो.

तिसरी शंका, परक्याच्या हाती पैसे आणि माल कसा द्यायचा? म्हणूनच तर तो परका नको. गावातल्या माणसाला सगळे ओळखतात, उद्या त्याला त्याच पारावर बसायचे असते. तरीही नुसत्या ओळखीवर काम सोडू नये. गाठोडे घेताना नग मोजून सही, देताना सही, संध्याकाळी पैशांचा मेळ. काट्यावर वजनाची पावती घेतल्याशिवाय आपण हलत नाही, तीच शिस्त इथेही हवी. यात मदतनीसाचेही रक्षण आहे. खोके आधीच फुटलेले असले तर आळ त्याच्यावर येणार नाही.

चौथी शंका एका निवृत्त पोस्टमनने काढली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ते म्हणाले, "आज हंगामी म्हणून घेता, उद्या कायम माणूस निवृत्त झाला की त्याची जागाच भरणार नाहीत." ही भीती खोटी नाही. मदतनीस हा कायम माणसाच्या जोडीला असावा, त्याच्या जागेवर नसावा. ज्या कामाला बारा महिने माणूस लागतो तिथे कायमच माणूस हवा. वाढीव ओझ्यापुरता, दसरा-दिवाळी, लग्नसराई अशा दिवसांत मदतनीस घ्यावा. बारमाही कामाला हंगामी नाव देणे म्हणजे आडसाली उसाला सुरूचा भाव देण्यासारखे आहे.

आपण काय करू शकतो?

आता कोणी म्हणेल की कंपन्या मुंबई-बंगळूरच्या, आपले कोण ऐकणार? एकट्याचे कोणी ऐकत नाही, म्हणून तर आपण सहकार केला. गाव करी ते राव न करी. कारखान्याने कुरिअरचा धंदा करावा असे मी म्हणत नाही. कारखान्याने साखर करावी. पण सभासद म्हणून आपल्या हाती काही गोष्टी आहेत.

गावोगाव आपल्या विविध कार्यकारी सोसायट्या आहेत. त्यांना कर्जवाटपाखेरीज इतर व्यवसाय करता यावेत म्हणून २०२३ साली केंद्राने आदर्श उपविधी तयार केले आहेत. सोसायटीला खोली आहे, कुलूप आहे, सचिव आहे. त्या खोलीत एक लोखंडी कपाट ठेवून ती गावची पार्सल जागा करता येईल. सोसायटीने गावातली एक-दोन नावे ठरवावीत. अठरा वर्षे पूर्ण झालेला तरुण असेल किंवा बचत गटातली एखादी भगिनी असेल. बायका हे काम करणार नाहीत असे समजू नये. कोणत्या घरी कधी कोण असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते?

मग जी कंपनी गावात माल पाठवते तिच्याशी सोसायटीने बोलावे, आणि अटी लेखी ठेवाव्यात. कामाच्या तासांचा ठराविक मोबदला असावा आणि त्यावर पार्सलामागे थोडी रक्कम असावी. गिऱ्हाईक न सापडल्याचा भुर्दंड मदतनीसावर नसावा. जड खोके एकट्याने उचलायची सक्ती नसावी. हंगाम सुरू होण्याआधी दोन दिवस काम शिकवावे आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्यावेत. ज्याने चांगले काम केले त्याला पुढच्या हंगामात पहिले बोलावणे असावे. आणि अपघाताचा विमा असल्याशिवाय कोणाला गाडीवर बसवू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्त्यात २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. ते पुरेसे आहे असे नाही, पण तेवढेही नसलेली किती पोरे रस्त्यावर आहेत! ई-श्रम वर नोंद तर मोफत होते.

आपल्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. पत्ता लिहिताना नुसते नाव आणि गाव लिहू नये. वडिलांचे नाव, गल्ली किंवा आखाडा आणि चालू असलेला फोन नंबर द्यावा. पिन कोड बरोबर लिहावा. पैसे द्यायचे असतील तर सुटे तयार ठेवावेत. आणि दारात उन्हातून आलेल्या पोराला तांब्याभर पाणी विचारावे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरले जाणारे काम हेच आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयावर दोन शब्द बोलण्याची परवानगी मी मागणार आहे. ज्या गावच्या सोसायटीला हा प्रयोग एका दिवाळीपुरता करून पाहावासा वाटेल, तिने गट कार्यालयात कळवावे. एका गावात जमले तर चार गावांत जमेल. नाही जमले तर का नाही जमले हेही याच पत्रकात लिहू.

त्या पोराची आणि माझी नंतर एकदा गाठ पडली. म्हणाला, "काका, ते काम सोडलं. आता पुण्याला चाललो." कोणते काम मिळाले विचारले तर हसून म्हणतो, "हेच. पार्सलाचं." ज्या कामासाठी तो दोन-अडीचशे मैलांवर गेला, ते काम त्याच्या स्वतःच्या गावात पडून होते, आणि गावातल्या माणसाची पार्सले सेलूत पडून होती. या दोहोंची सांगड घालणे एवढेच काम आहे. ते आपल्याला न जमण्यासारखे नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद